वरच्या फळीवरचं रजिस्टर

ग्रंथालय संघाच्या अधिवेशनाची बातमी वर्तमानपत्रात आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत येते. 'विविध ठराव मंजूर करण्यात आले' हे तिचं शेवटचं वाक्य. हे विविध ठराव कोणते, ते आम्ही मंडळी न वाचताच सांगू शकतो. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या, अनुदान वाढवा, दर्जाबदल पुन्हा सुरू करा, नव्या ग्रंथालयांना मान्यता द्या. सूचक बदलतात, अनुमोदक बदलतात, टाळ्या त्याच. यंदाही तेच ठराव झाले. मात्र ते मांडायला वर्षानुवर्षं उभे राहणारे आमचे कार्यवाह या वेळी श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसले होते, आणि ध्वनिक्षेपकासमोर एका तालुका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई होत्या.

हे कार्यवाह म्हणजे आमचे सर. त्यांनी पद सोडलं. सोडायला उशीर केला, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसले, कारण आज मी जी काही ग्रंथपाल आहे ती या माणसामुळे आणि त्याच्या संघामुळे.

या कामात मी आले ती लग्नानंतर. कृष्णाकाठचं गाव, एका खोलीचं वाचनालय, 'ड' म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाचं. संध्याकाळी दार उघडणारं, झाडलोट करणारं, वर्तमानपत्रं काठीला लावणारं कुणीतरी हवं होतं. बारावी झालेली सून म्हणून माझं नाव निघालं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी सासऱ्यांना विचारलं, सासऱ्यांनी मला सांगितलं. मला विचारलं असं कुणीच नाही. पगाराचा आकडा ऐकून माहेरी आई म्हणाली, "तेवढ्यात बांगड्या तरी येतात का?" येत नव्हत्या.

जिल्हा ग्रंथालय संघ तेव्हा ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेचा वर्ग चालवायचा. तालुक्याच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो भरे. आम्ही एसटीनं जायचो, डबे घेऊन. माझ्यासारख्या चौघी-पाचजणी, बाकी पुरुष. त्यातले काही माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. वर्गीकरण शिकवायला सर होते. पेशानं हायस्कुलातले गणिताचे शिक्षक. त्यामुळे रंगनाथन हे त्यांचं दैवत. मद्रासला गणित शिकवणारा माणूस 1924 साली विद्यापीठाचा ग्रंथपाल होतो, लंडनला शिकायला जातो, तिथल्या एका दुकानात मेकॅनोचं खेळणं बघतो आणि त्यावरून पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत त्याला सुचते, ही गोष्ट सांगताना सरांचा खडू हवेतच राहायचा. पण शिकवायचे ते ड्युईचं दशांश वर्गीकरण, कारण आमच्या वाचनालयांत तेच चालतं. मराठी साहित्याला 891.46. हा आकडा मला आजही घरच्या फोन नंबरासारखा पाठ आहे.

एकदा मी विचारलं, "सर, ज्ञानेश्वरी कुठं घालायची? धर्मात की काव्यात?" वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, यावर मोठमोठी माणसं भांडलीत. तुम्ही कुठंही घाला. पण एकदा घातली की हलवू नका. आणि गावातल्या म्हातारीनं मागितली तर अर्ध्या मिनिटात तिच्या हातात पडली पाहिजे." रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं ते पुढे. सूत्र कळलं ते त्या दिवशी.

मात्र वर्गीकरणापेक्षा त्यांचा जीव दाखल रजिस्टरवर. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची जन्मनोंद त्यात असते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत, कुठल्या दुकानातून, कुठल्या बिलानं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ओळ मोकळी सोडायची नाही. खाडाखोड करायची नाही; चुकलं तर एक रेघ मारून वर सही. पुस्तक हरवलं, फाटलं तर शेऱ्यात तसं लिहायचं, पण त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. "मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देता येतं, क्रमांक देता येत नाही," असं काहीतरी ते म्हणत, आणि आम्ही खाली मान घालून हसू दाबायचो.

2005 च्या महापुरानंतर त्यांनी यात आणखी एक नियम घातला. तो कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या पुरात नदीकाठच्या एका वाचनालयाची पुस्तकं गेली आणि त्यांच्याबरोबर रजिस्टरही गेलं. नुकसान किती, असं विचारल्यावर तिथल्या मंडळींना उत्तर देता येईना. पुस्तकं होती याचाच पुरावा उरला नव्हता. तेव्हापासून सर प्रत्येक वर्गात सांगत: रजिस्टर सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत गावातल्या उंचावरच्या घरात. नुसतं सांगून थांबत नसत. आमच्या वाचनालयात आले की आधी मान वर करून वरची फळी बघायचे, मग चहा. दुसरी प्रत झालीय का, विचारायचे. झेरॉक्सला पैसे नाहीत म्हटलं तर म्हणाले, "हात आहे ना?" दोन उन्हाळे मी हातानं रजिस्टर उतरवून काढलं. मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. ती प्रत वरच्या आळीतल्या एका गुरुजींच्या घरी, कोनाड्यात गेली.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं 45. 2005 चं पाणी 54 च्या आत थांबलं होतं, त्या हिशेबानं लावलेली सगळी अनुमानं या वेळी चुकली. 1869 सालच्या सांगली नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. आमच्यासारख्या खोल्यांच्या बातम्या होत नाहीत. आम्ही गाव सोडून पाहुण्यांकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा वाचनालयाच्या दाराला आतून पुस्तकांनीच अडसर घातला होता. एक रॅक आडवा झाला होता. उरलेल्या रॅकमधली पुस्तकं भिजून इतकी फुगली होती की ओढून निघेनात. वरची फळी माझ्या डोक्याच्या वर होती. पाणी तिच्याही वर गेलं होतं. रजिस्टर हातात घेतलं तर त्याचा गोळा झालेला.

सर तिसऱ्या दिवशी आले. रस्ता पुरता मोकळा नव्हता, ट्रॅक्टरवर बसून आले. बरोबर कोऱ्या न्यूजप्रिंटचे गठ्ठे, दोन मुलं आणि हातमोजे. सांत्वन वगैरे काही नाही. आल्या आल्या म्हणाले, "गुरुजींचं घर वाचलं का?" वाचलं होतं. ते ऐकून पायरीवर बसले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

पुढचे दिवस आम्ही शाळेच्या व्हरांड्यात काम केलं. भिजलेल्या पुस्तकांना उन्हात टाकायचं नाही, हे मला तेव्हा कळलं. ऊन लागलं की पुठ्ठा वाकतो, पानं आखडतात. सावलीत, वाऱ्यावर, उभी करून पानं पंख्यासारखी उघडायची, मधेमधे कोरा कागद घालायचा, कागद ओला झाला की बदलायचा. चिखल ओला असताना पुसायचा नाही. वाळू द्यायचा, मग ब्रशनं झाडायचा. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तकं वाळली की त्यांची वीट होते, ती नंतर कशानंही सुटत नाही. वाचवायचीच तर ओली असतानाच पान न् पान वेगळं करावं लागतं. आणि ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आमच्या इथं पाणी त्याहून जास्त राहिलं होतं, त्यामुळे पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत प्रश्न संपलेला होता.

काय वाचवायचं याचा क्रम सरांनी लावला. मी कथा-कादंबऱ्यांकडे धावले होते, कारण वाचक त्याच मागतात. ते म्हणाले, "त्या राहू द्या. त्या विकत मिळतात." आधी गावची म्हणून जी कागदपत्रं होती ती: शाळेची जुनी हस्तलिखितं, तालमीच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, वाचनालयाची इतिवृत्तं. मग जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड. मग संदर्भग्रंथ. गावची कादंबरीवाचक बायकामंडळी व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे उभी राहून आपापल्या आवडत्या लेखकांचे लगदे बघत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण क्रम बरोबर होता. ती स्मरणिका आज जिल्ह्यात दुसरीकडे कुठं नाही.

रात्री गुरुजींच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात आम्ही माझ्या हातच्या प्रतीवरून गेलेल्या पुस्तकांची यादी केली. क्रमांक, नाव, किंमत. पंचनाम्याला आलेल्या माणसानं ती यादी उलटून-पालटून बघितली आणि म्हणाला, "एवढं कुणीच दिलं नाही." पुढे निर्लेखनाचा प्रस्ताव, मदतीचे अर्ज, सगळं त्या यादीवर उभं राहिलं. हाताला कळ येईपर्यंत उतरवलेल्या त्या पानांचं मोल मला त्या ओसरीवर कळलं. सरांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. ते माझ्या बेरजा तपासत होते.

नंतर संघानं पुस्तकांसाठी आवाहन केलं. राज्यभरातून खोकी येऊ लागली. पूर आला की लोकांचं मन मोठं होतं, आणि माळेही रिकामे होतात. जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कुणाच्या तरी वडिलांची विमा कंपनीची माहितीपुस्तकं. संघाच्या एका बैठकीत कुणी म्हणालं, आलेलं परत कसं करायचं, लोकांना वाईट वाटेल. सर म्हणाले, "वाटू दे. आपल्या लोकांचं घर बुडालंय, अक्कल नाही." आलेलं प्रत्येक खोकं उघडून, निवडून मगच गावोगाव गेलं. देणाऱ्या प्रत्येकाला, नाकारलेल्या पुस्तकांसह, आभाराचं पोस्टकार्ड गेलं. त्यांतली कितीतरी मी लिहिली.

पोस्टकार्ड हा त्यांचा सोस. पण ज्या योजनेसाठी मी त्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे ती पेट्यांची. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं, लाकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तकं फिरवली. ही हकिगत सर प्रत्येक अधिवेशनात सांगत, इतकी की मागच्या रांगेतले 'बोर्डेन आला' म्हणून चहाला उठत. ते बोलून थांबले नाहीत एवढंच. आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांत तीच ती पुस्तकं वाचून लोक कंटाळतात आणि नवीन घ्यायला पैसे नसतात. म्हणून शेजारशेजारच्या वाचनालयांनी तीसेक पुस्तकांची पेटी एकमेकांत फिरवायची, तीन महिन्यांनी पुढच्या गावी. पत्र्याच्या ट्रंका, आत यादी चिकटवलेली. नेणार कोण? दूधगाडीवाला. पूर ओसरल्यावर आमची फळी रिकामी असताना पहिली ट्रंक आली ती आठ मैलांवरच्या वाचनालयातून, आणि गावात वाचन थांबलं नाही. त्या वाचनालयाच्या ग्रंथपालकाकांना मी तोवर फक्त अधिवेशनातल्या जेवणाच्या रांगेत भेटले होते.

यासाठी मला संघ हवा असतो. आमचा धंदा एकट्याचा आहे. एका खोलीत एक माणूस, वर्षाला एक तपासणी. आपल्यासारखं काम करणारं दुसरं कुणी आहे हे कळायला अधिवेशनाला जावं लागतं. मसालेभात-जिलेबीच्या पंगतीत शेजारच्या माणसाला 'तुमच्याकडे पुस्तकं परत येतात का हो?' असं विचारता येतं आणि तो न हसता उत्तर देतो. परिसंवादांतून मी फारसं शिकले नाही. पंगतीतून शिकले.

आता संघानं मिळवलं काय, हा प्रश्न. 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, 1968 ला ग्रंथालय संचालनालय आलं, आणि राज्यात आज 11 हजारांहून जास्त शासनमान्य ग्रंथालयं अनुदानावर चालतात. यामागे आधीच्या कित्येक पिढ्यांच्या ग्रंथालय संघांची खटपट आहे, हे नाकारता येत नाही. आमच्या काळाचा हिशेब मात्र लहान आहे. 2012 साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि पुढे वर्षानुवर्षं नवी मान्यता आणि दर्जाबदल बंद राहिले. अनुदानवाढ झाली ती थेट 2022 च्या नोव्हेंबरात, 60 टक्के. 'ड' वर्गाचे वर्षाचे 30 हजार होते, त्यांचे 48 हजार झाले. पेपरात '60 टक्के' हा आकडा ठळक छापून आला. त्या 48 हजारांतले निम्मे पगारावर धरले तर महिन्याला दोन हजार होतात, हे कुणी छापलं नाही. वेतनश्रेणीचा ठराव अजून ठरावच आहे. ग्रंथालयांच्या प्रश्नांवर नेमलेल्या प्रभा राव समिती, पत्की समिती ही नावं आमच्याकडे वाडवडिलांच्या नावांसारखी घेतली जातात. धरणी झाली, निवेदनं गेली, सरांची पोस्टकार्डं मंत्रालयात गेली. वाढ मिळाली त्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा किती, याबद्दल आमच्यातच दोन तट आहेत. माझा तट म्हणतो, थोडा.

सरांचं आणखी एक सांगायला हवं. अधिवेशनात बायकांनी काय करायचं हे बरीच वर्षं ठरलेलं होतं. रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांना गुलाब. जिल्ह्यातल्या वाचनालयांत रोज कुलूप उघडणाऱ्यांत आम्ही मोठ्या संख्येनं, आणि व्यासपीठावर एकही नाही. सरांना यात काही खटकतंय असं कधी दिसलं नाही. आज कार्यवाह झालेल्या बाईंनी एका वर्षी नियोजनाच्या बैठकीत सरळ सांगितलं, "गीत म्हणू, पण परिसंवादात आमची खुर्ची हवी." सर गप्प बसले. त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या वर्षी पत्रिका आली तर परिसंवादात तीन बायका, त्यातली एक मी, मला न विचारताच. असा माणूस. पटलं तरी 'पटलं' म्हणणार नाही, पत्रिकेत छापून मोकळा होणार. पद सोडायलाही त्यांना असंच कुणीतरी बैठकीत सांगावं लागलं. ते मी सांगितलं.

यंदाचं अधिवेशन नेहमीसारखंच झालं. ग्रंथदिंडीत लेझीमवाली मुलं, पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान. उद्घाटक उशिरा. प्रवेशद्वाराशी टेबल टाकून वार्षिक वर्गणीची वसुली, कारण एकदा आत गेलेला माणूस वर्गणी देत नाही. मांडवाच्या कडेला पुस्तकांचे गाळे, त्यात एक सॉफ्टवेअरवाला मुलगा बारकोड दाखवत बसलेला. नव्या कार्यवाह त्याच्याशी बराच वेळ बोलत होत्या. त्यांना सगळी दाखलनोंद संगणकावर हवी आहे. "आणि कागदावरची?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ती तुम्ही सोडाल का मला सोडू द्याल?"

सरांच्या मानपत्राचा मसुदा माझ्याकडे होता. समितीनं आधी त्यांना दाखवायला लावला, ही चूक. लाल शाईनं तपासून परत आला. 'ग्रंथालय चळवळीचे भीष्माचार्य' खोडलेलं. 'अविरत' खोडलेलं. 'निःस्वार्थ' या शब्दासमोर प्रश्नचिन्ह. पेट्यांच्या योजनेचं साल मी एक वर्ष आधीचं टाकलं होतं, ते सुधारलेलं, आणि समासात दूधगाडीवाल्याचं नाव घालण्याची सूचना. घातलं. वाचन झालं तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी त्या नावाला मिळाली. तो माणूस मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याला कळेना, लोक आपल्याकडे का बघतायत.

सरांचं उत्तराचं भाषण पाच मिनिटांचं. बोर्डेन आला नाही. त्यांनी खिशातून कागद काढला आणि संघाची बँकेतली शिल्लक, येणं असलेल्या वर्गण्या आणि अजून न परतलेल्या दोन ट्रंका कुठल्या गावी आहेत ते वाचून दाखवलं. ज्या गावांची नावं आली त्यांचे प्रतिनिधी समोरच बसले होते. मग खाली येऊन बसले.

संध्याकाळी नवी कार्यकारिणी जाहीर झाली. कोषाध्यक्ष म्हणून माझं नाव वाचलं गेलं. या खेपेला मला आधी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, तरी मांडवात ऐकताना घशाला कोरड पडली.

आठवड्यानं सरांचा फोन. "ताई, जमाखर्चात मांडववाल्याच्या आगाऊ रकमेची पावती दिसत नाही."

"सर, तुम्हाला जमाखर्च कुणी दिला?"

"मागितला. आजीव सभासद आहे मी, मला अधिकार आहे."

"कार्यवाहांना विचारा ना मग."

"विचारलं. त्या म्हणाल्या, कोषाध्यक्षांना विचारा."

पावती होती. मांडववाल्यानं ती जिलेबीच्या बिलाला टाचली होती. दुसऱ्या दिवशी फोटो काढून पाठवला तर उत्तर आलं: फोटोवर तारीख वाचता येत नाही, झेरॉक्स पोस्टानं पाठवा.